आर्गन वेल्डिंगला कितीचा कप लावायचा? नवीन शिकणाऱ्यांसाठी पहिल्यापासून

नवीन पोरगं टिगवर, म्हणजे आर्गन वेल्डिंगवर, बसलं की करंट किती ठेवू विचारतं, फिलर, म्हणजे जोडात भरायची तार, कितीचा घेऊ विचारतं, टंगस्टन, म्हणजे जिच्या टोकावर आर्क पेटते ती सळई, कशी घासायची तेही विचारतं. पण टॉर्चच्या तोंडावर जो गुलाबी सिरॅमिकचा कप असतो तो कितीचा आहे हे सहसा कोणी विचारत नाही. मशीनबरोबर जो आला तोच वर्षानुवर्षं चालतो, फुटला की डब्यात हाताला येईल तो दुसरा लागतो, आणि मग एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, बीड (वेल्डची रेघ) राखाडी यायला लागला की करंट कमी-जास्त करणं, गॅस वाढवणं, सिलिंडरच खराब आला म्हणणं, हे सगळं सुरू होतं. मी बरीच वर्षं एसएसच्या पाइपलाइनी आणि टाक्यांचं काम करतोय, आणि यातले निम्मे प्रॉब्लेम कप बदलून सुटताना डोळ्यांनी बघितलेत. म्हणून सविस्तर लिहितोय, पहिल्यांदा वाचताना टॉर्च समोर ठेवा म्हणजे लगेच कळेल.

कप करतो काय ते आधी डोक्यात पक्कं बसवा. आर्क पेटली की तीन गोष्टी हवेपासून वाचवायच्या असतात: टंगस्टनचं टोक, वितळलेलं मेटल म्हणजे पडल, आणि पडल पुढे सरकल्यावर मागे राहिलेला गरम बीड. पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात, तिसरी विसरतात. बीड घट्ट झाला म्हणजे काम झालं असं नाही, तो अजून लालबुंद असतो आणि तेवढ्या गरम एसएसला हवा लागली की रंग येणारच. कप आर्गनची छत्री धरतो, ती छत्री केवढी पाहिजे हे गरम मेटल किती लांब पसरलंय त्यावर ठरतं. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

आधी टॉर्च ओळखा

कप सगळ्या टॉर्चना सारखे बसत नाहीत. आपल्याकडे जास्त करून दोन घराणी दिसतात. एक १७, १८, २६ नंबरवाली, म्हणजे डब्ल्यूपी-१७ आणि डब्ल्यूपी-२६ एअर कूल्ड आणि १८ वॉटर कूल्ड, या तिघांना एकच पार्ट लागतात. दुसरं ९ आणि २० नंबरचं, डोकं लहान, अडचणीत शिरायला बरी, तिचे कप वेगळे. एकाचा कप दुसऱ्यावर चढत नाही, चढवायचा प्रयत्नही करू नका. टॉर्चच्या हँडलवर नंबर बहुतेक वेळा लिहिलेला असतो, पुसला असेल तर जुना कप सोबत नेऊन दुकानात दाखवायचा.

याच्यात अजून एक फाटा आहे. साधी कोलेट बॉडी (टॉर्चमध्ये टंगस्टन धरणारा भाग) असेल तर तिचे कप वेगळे आणि तिच्या जागी गॅस लेन्स (जाळीवाली बॉडी, पुढे सांगतो) असेल तर तिचे वेगळे, १७-१८-२६ मध्ये लेन्सचे कप बुडाशी जाड आणि बुटके असतात. नंबर दोन्हीवर ८ असू शकतो पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

नंबर म्हणजे नेमकं काय

हा भाग सोपा आहे पण कोणी नीट सांगत नाही. कपाचा नंबर म्हणजे त्याच्या तोंडाचा आतला व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात मोजलेला. ८ नंबर म्हणजे आठ सोळांश, म्हणजे अर्धा इंच. आपल्या शॉपमध्ये सूत बोलतात ना, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मग नंबर अर्धा करा की सूत मिळतं. ४ नंबर म्हणजे २ सूत, पाव इंच. ६ नंबर म्हणजे ३ सूत. ८ म्हणजे ४ सूत. १२ म्हणजे ६ सूत, पाऊण इंच. मिलिमीटरमध्ये पाहिजे असेल तर ४ नंबर ६.४ मिमी, ५ नंबर ७.९, ६ नंबर ९.५, ७ नंबर ११.१, ८ नंबर १२.७, १० नंबर १५.९ आणि १२ नंबर १९ मिमी.

खरेदी करताना एक गडबड होते ती सांगतो. १७-१८-२६ च्या साध्या कपाच्या पाकिटावर पार्ट नंबर असतो, १०एन४६ वगैरे, आणि तो उलटा चालतो. १०एन५० म्हणजे ४ नंबर, १०एन४९ म्हणजे ५, १०एन४८ म्हणजे ६, १०एन४७ म्हणजे ७, १०एन४६ म्हणजे ८, १०एन४५ म्हणजे १०, १०एन४४ म्हणजे १२. पार्ट नंबर मोठा तर कप लहान. "मोठा द्या" म्हणून १०एन५० घेऊन आलेली पोरं मी बघितलीत, आणलेला कप बसतो बरोबर, पण पाव इंचाचा निघतो, मग काम अडतं.

आता जॉब बघा

मी आधी मेटल बघतो, मग जाडी, मग जॉइंट कुठे आहे आणि टॉर्च तिथे शिरते का ते.

एमएस, म्हणजे साधं माइल्ड स्टील, असेल तर फार काळजी नको, ते बऱ्यापैकी सहन करतं. पातळ पत्रा, ६०-८० अँपिअर, ५ किंवा ६ नंबर चालतो. जाड झालं, करंट १५० च्या आसपास गेला की ७.

एसएसला माझं मत ठाम आहे, जागा असेल तर ७ च्या खाली जाऊ नका, आणि शक्य असेल तर ८ नंबर गॅस लेन्ससोबत. कारण रंग. एसएस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियमच्या पातळ थरामुळे, आणि गरम असताना हवा लागून जो निळा-राखाडी पापुद्रा येतो तो त्या क्रोमियमची वाट लावूनच येतो, त्या पट्ट्यात गंज लवकर धरतो. वरून बफिंग मारून चकाचक केलं की झालं असं वाटतं, पण पापुद्रा पूर्ण निघाला पाहिजे, पिकलिंग पेस्ट (पापुद्रा काढणारी आम्लाची पेस्ट) वगैरे लावून, आणि ते काम वेल्डिंगपेक्षा जास्त कटकटीचं. दूध, औषधं, पाणी जिथून जाणार तिथे तर हे फारच महत्त्वाचं.

अ‍ॅल्युमिनियमला एसी करंटवर साधा ६ ते ८ नंबर पुष्कळ झाला. बीडच्या दोन्ही बाजूंना जो पांढरट, धुरकट काचेसारखा पट्टा दिसतो ती आर्कची साफसफाई असते, ती दिसली पाहिजे. लेन्स लावली तरी चालते, पण अ‍ॅल्युमिनियमचा कचरा उडून जाळीवर बसतो आणि जाळी लवकर खराब होते, म्हणून शिकताना साधी कोलेट बॉडीच ठेवा.

टायटॅनियम नवीन माणसाच्या हातात सहसा येत नाही, आलं तर १२ नंबर किंवा त्याच्याही वर, आणि शिवाय मागे ट्रेलिंग शील्ड (मागच्या गरम बीडवर आर्गन सोडणारी जोडणी) लागते, कारण साधारण ४०० डिग्रीच्या खाली येईपर्यंत त्याला हवा लागूच द्यायची नसते. नुसत्या कपावर ते काम घेऊ नका.

आता जॉइंट. सपाट बट जॉइंटला मोठा कप आरामात बसतो. आतल्या कोपऱ्यात, म्हणजे फिलेटला, मोठा कप दोन्ही भिंतींना टेकतो आणि टंगस्टन मुळापर्यंत पोचत नाही, तिथे एक-दोन नंबर खाली यायचं, किंवा कप तोच ठेवून टंगस्टन थोडी जास्त बाहेर काढायची. फिलेटमध्ये दोन भिंतींमुळे गॅस अडकून राहतो म्हणून जास्त बाहेर काढलेली खपते. बाहेरच्या कोपऱ्याला एकदम उलटं, तिथे गॅस दोन्ही बाजूंनी ओघळून जातो, मोठा कप लावा आणि जमलं तर मागून एखादं अँगल किंवा पट्टी आडवी धरा म्हणजे गॅस टिकतो.

जाड पाइपला, बॉयलरच्या वगैरे, कप जॉबवर टेकवून डुलवत डुलवत नेतात, कप वॉकिंग म्हणतात त्याला. तिथे कप म्हणजे नुसती छत्री नाही, चालायचा पाय पण तोच, कपाच्या मापावरच टंगस्टन खाचेत कुठे पडणार हे ठरतं. म्हणून रूटला (खाचेच्या तळातल्या पहिल्या थराला) ५-६ नंबर, खाच भरत वर आली की ७, आणि कॅपिंगला (वरच्या शेवटच्या थराला) ८ असं बदलत जातात. एकाच कपावर रूटपासून कॅपपर्यंत ओढत नेऊ नका.

टंगस्टन आणि कप जोडीनं

ढोबळ जोड्या सांगतो. १.६ मिमी टंगस्टनला ५ ते ७, २.४ ला ७ किंवा ८, ३.२ ला ८ किंवा १०. डीसीवर १.६ साधारण ७० ते १५० अँपिअर घेते, २.४ साधारण १५० ते २५०. करंट जास्त आणि कप लहान असं झालं की कपाचं तोंड लाल होतं, मग तडा जातो, टवका उडतो. तडकलेला कप अजिबात वापरू नका, तडा केसाएवढा असला तरी तिथून हवा आत ओढली जाते.

गॅस किती

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून सांगतो. डोक्यात ठेवायचं एक सोपं गणित: कपाचा जो नंबर तेवढे लिटर पर मिनिट, तिथून सुरुवात, आणि गरजेप्रमाणे दोन-तीन लिटर वर. ५ नंबरला ५ ते ७, ७ नंबरला ७ ते ९, ८ नंबरला ८ ते ११, १२ नंबरला १२ ते १६. फ्लोमीटरची (गॅस मोजणाऱ्या मीटरची) नळी उभी सरळ असली पाहिजे, आणि टॉर्चचं बटण दाबून गॅस चालू असताना नळीतली गोळी बघायची. गॅस बंद असताना बघून सेट करू नका.

जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण असं वाटतं, ते चूक आहे. ५ नंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ८ नंबरच्या मानानं जवळपास अडीच पटीनं कमी. म्हणजे ८ नंबरमधून जे ८ लिटर शांतपणे बाहेर पडतात तेच ८ लिटर ५ नंबरमधून अडीच पट वेगानं निघतात, आणि वेग फार झाला की गॅस भोवरे करत बाहेरची हवा स्वतःबरोबर आत ओढतो. नळ सोडताना बघा, हळू सोडला की धार काचेसारखी स्वच्छ, पूर्ण सोडला की पांढरी फेसाळ, तो फेस म्हणजे आत शिरलेली हवाच. गॅसचंही तसंच, फक्त डोळ्याला दिसत नाही. ऐकू मात्र येतं, कपातून शिट्टीसारखा आवाज आला की समजा गॅस जास्त आहे.

याच्यात मी स्वतः चांगलाच अडकलोय. सुरुवातीच्या दिवसात एका डेअरीच्या लाइनीचं काम होतं, २ इंची पाइप, एल्बो भिंतीला इतके चिकटून की टॉर्च नीट शिरेना म्हणून मी ५ नंबर लावला. उन्हाळा होता, शेडमध्ये पेडस्टल फॅन लावलेला. बीड राखाडी यायला लागले तसा मी गॅस वाढवत गेलो, ८ केला, १२ केला, शेवटी १८ वर नेला, आणि प्रत्येक वेळी बीड आधीपेक्षा खराब. दिवसभराचे सगळे जॉइंट तपासणीत गेले, कापून परत करावे लागले, आणि कापताना आतलं पाइप पण वाया गेलं त्याचं जास्त वाईट वाटलं. आमच्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन तीनच गोष्टी केल्या. फॅनचं तोंड फिरवलं, जे एल्बो जमिनीवर जोडता येत होते ते आधी टेबलावर जोडून घेतले म्हणजे ७ नंबर शिरायला जागा झाली, आणि गॅस ७ वर आणला. पहिलाच बीड फिकट सोनेरी आला. त्यांनी एक शब्द बोलला नाही, फ्लोमीटरवर बोट ठेवून दाखवलं फक्त.

गॅसचा हिशोब खर्चाच्या बाजूनं पण बघा. ७ क्युबिक मीटरचा सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. ८ लिटरनं साडेचौदा तास गॅस वाहील, १५ लिटरनं पावणेआठ तास. म्हणजे जास्तीचा गॅस पैसेही खातो आणि बीडही बिघडवतो.

गॅस लेन्स घ्यावी का

एसएस करणार असाल तर घ्याच. कोलेट बॉडीच्याच जागी बसते, आत बारीक तारेच्या जाळ्या एकावर एक असतात, त्यातून गाळून गॅस सरळ रेषेत शांत बाहेर पडतो. बेसिनच्या नळाला पुढे जाळी असते आणि पाणी शिंतोडे न उडवता पडतं, तेच तत्त्व. फायदा असा की टंगस्टन जास्त बाहेर काढता येते. साध्या बॉडीवर कपाच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत टंगस्टन बाहेर ठेवा, ८ नंबरला ६ मिमी धरा. लेन्सवर तोच ८ नंबर असेल तर १२ मिमीपर्यंत जाता येतं, म्हणजे अडचणीच्या कोपऱ्यात कप लहान न करता पोचता येतं, आणि पडल पण स्पष्ट दिसतो. काचेचे कप मिळतात त्यातून तर अजून छान दिसतं, पण जास्त करंटला ते टिकत नाहीत.

लेन्स बसवताना मागचं पांढरं इन्शुलेटर पण बदलावं लागतं, हे दुकानदार सांगेलच असं नाही. साध्या बॉडीचं आणि लेन्सचं इन्शुलेटर वेगळं असतं, जुनंच ठेवलं तर कप नीट टेकत नाही आणि त्या फटीतून हवा येते. मग माणूस म्हणतो लेन्सचा काही उपयोग नाही. ती फट बोटाच्या नखानं चाचपून बघा, नख अडकलं तर काहीतरी चुकलंय.

चाचणी पट्टी, ही प्रत्येकानं कराच

३०४ ग्रेडच्या एसएसची २ मिमी जाड पट्टी घ्या, एक हात लांब. थिनर किंवा अ‍ॅसिटोननं पुसून घ्या. फॅन बंद. १.६ ची टंगस्टन, ७०-७५ अँपिअर, फिलर नको, नुसता बीड ओढायचा. पहिला बीड ५ नंबर, गॅस ६. पट्टी हाताला गार लागेपर्यंत थांबा, हे थांबणं टाळू नका नाहीतर तुलनाच होणार नाही. दुसरा ७ नंबर, गॅस ८. तिसरा ८ नंबर लेन्ससह, गॅस ९. हाताचा वेग तिन्हीला सारखा, टॉर्च जवळजवळ उभी, फार तर १५ अंश मागे झुकलेली, कारण टॉर्च जास्त आडवी केली की मागच्या बाजूनं हवा आत ओढली जाते, कप कितीही मोठा असू दे.

आता तिन्ही बीड शेजारी शेजारी उजेडात बघा. चंदेरी किंवा फिकट पेंढ्यासारखा पिवळा म्हणजे उत्तम, सोनेरी चांगला, जांभळा-निळा म्हणजे संरक्षण अपुरं, मातकट राखाडी म्हणजे गेलं. माझ्या पट्टीवर ५ नंबरचा बीड मधोमध निळा-राखाडी आहे, ७ चा जांभळट, ८ चा लेन्सवाला फिकट सोनेरी आणि कडेला पिवळी रेघ. तुमच्या हातावर थोडा फरक पडेल, हळू ओढलात तर उष्णता जास्त भरते आणि कुठल्याही कपावर रंग गडद होतो, म्हणून नुसता कप बदलून सगळं सुटेल असं समजू नका, वेग पण बघा. बीडच्या शेवटी आर्क विझल्यावर टॉर्च तिथेच धरून ठेवा, पोस्टफ्लो, म्हणजे आर्कनंतर वाहणारा गॅस, संपेपर्यंत. १० अँपिअरला १ सेकंद हा हिशोब, ७५ अँपिअरला ८ सेकंद. टॉर्च लगेच उचलली तर शेवटचा खड्डा काळा आणि टंगस्टन निळी-काळी. पट्टीवर मार्करनं कप नंबर आणि गॅस लिहा आणि टेबलाजवळ टांगून ठेवा.

बीड बिघडला तर कपाकडे जायच्या आधी हे बघा: बॅक कॅपचं (टॉर्चच्या मागच्या टोपीचं) रबर ओ-रिंग फाटलंय का, कप हातानं हलतोय का, दार-खिडकीतून वारा येतोय का, मटेरियलवर तेल आहे का. हे सगळं ठीक असेल तर मग एक नंबर मोठा कप.

आणि पाइपच्या बाबतीत लक्षात ठेवा, कप फक्त बाहेरची बाजू झाकतो. आतून रूटला हवा लागतेच, त्यासाठी पाइपमध्ये वेगळं आर्गन सोडून पर्जिंग करायला लागतं. बाहेरून सोनेरी आणि आतून कोळशासारखा खरखरीत, असे जॉइंट मी कापून बघितलेत.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. मोठा कप, जास्त गॅस, त्यात पर्जिंग, आणि तुम्ही टाकीच्या आत बसून काम करताय, तर आर्गन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठत जातो, वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, माणूस सरळ बेशुद्ध पडतो. ब्लोअर लावल्याशिवाय आणि मॅनहोलवर एक माणूस उभा केल्याशिवाय टाकीत उतरू नका, सुपरवायझर कितीही घाई करू दे. आणि आतला माणूस पडला तर बाहेरच्यानं तसंच उडी मारून आत जायचं नाही, आधी हवा आणि मदत.

सुरुवातीला काय विकत घ्यायचं विचाराल तर २६ नंबरच्या टॉर्चला साधे कप ५, ६, ७ आणि ८ प्रत्येकी दोन-दोन, १.६ आणि २.४ ची गॅस लेन्स एकेक, लेन्सचे ७ आणि ८ नंबर कप, आणि लेन्सचं इन्शुलेटर दोन. १० आणि १२ काम आलं की घ्या. कप टूलबॉक्समध्ये हातोडी-पान्यांबरोबर टाकू नका, टवके उडतात, जुन्या प्लास्टिकच्या डब्यात फडकं घालून ठेवा आणि डब्याच्या झाकणावर नंबर लिहा.